मराठी आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना आणि हेल्थ चॅनलवाल्यांना खुलं पत्र : बोटं बघून प्रोस्टेटचा कॅन्सर कळत नाही

नमस्कार,

तुम्ही म्हणजे पेपरात आरोग्याची पुरवणी काढणारे, न्यूज पोर्टलवर लाइफस्टाइलच्या खाली बातम्या टाकणारे आणि यूट्यूबवर मराठीत हेल्थचे व्हिडिओ करणारे सगळेच. मी डॉक्टर नाही, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज रक्त काढते, सॅम्पल लावते, त्यात पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठी करतात त्या रक्ततपासणीची सॅम्पलंही असतात. (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांत मूत्राशयाच्या खाली असलेली ग्रंथी.) हे पत्र एकाच बातमीबद्दल आहे. काही काळ गेला की ही बातमी परत नव्याने फिरायला लागते, 'अंगठ्याजवळचं बोट अनामिकेपेक्षा लांब असेल तर प्रोस्टेट कॅन्सरचा धोका कमी', सोबत पंजाचा फोटो आणि दोन बोटांच्या टोकांवर लाल रेघ. तारीख नसते, कुठल्या साली कुणी काय केलं ते नसतं, असलंच तर 'शास्त्रज्ञांचा दावा' एवढं. वाचणारा पहिलं काय करतो तर स्वतःचा हात बघतो, मग शेजारच्याचा बघतो, आणि बोट लांब निघालं की निवांत होतो.

मला त्या निवांत होण्याचीच भीती वाटते म्हणून लिहितेय.

आधी मूळ अभ्यास नेमका काय होता ते सांगते, कारण तो खरा आहे, कुणी उगाच उठवलेलं नाही. २०१० च्या शेवटी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये तो आला, वॉरिक युनिव्हर्सिटी आणि लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च यांनी मिळून केलेला. १९९४ ते २००९ या काळातले प्रोस्टेट कॅन्सरचे १,५२४ पेशंट आणि कॅन्सर नसलेले ३,०४४ पुरुष, अशी तुलना होती. त्यात ज्यांची उजव्या हाताची तर्जनी अनामिकेपेक्षा लांब होती त्यांच्यात कॅन्सरची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी आढळली, आणि साठच्या आतल्या पुरुषांत हाच आकडा ८७ टक्के निघाला. हा ८७ चा आकडाच सगळीकडे मथळ्यात चढला. निम्म्याहून जास्त पुरुषांची तर्जनी अनामिकेपेक्षा आखूडच होती आणि ज्यांची दोन्ही बोटं सारखी होती त्यांचा धोकाही या आखूडवाल्यांइतकाच निघाला, म्हणजे बहुतेक पुरुष 'जास्त धोक्याच्या' बाजूलाच पडतात, पण हे मथळ्यात कुठून येणार.

आता यातली एक गोष्ट मी आजवर एकाही मराठी व्हिडिओत ऐकलेली नाही. त्या अभ्यासात बोटं कुणी मोजलीच नव्हती. लोकांना हाताची चित्रं दाखवली, तर्जनी आखूड, दोन्ही सारखी, तर्जनी लांब, आणि विचारलं की तुमचा हात यातला कुठला, आणि त्यांनी जे सांगितलं ते लिहून घेतलं. पेशंटना विचारलं ते त्यांना कॅन्सर झाल्याचं कळल्यानंतर. मी लॅबमध्ये काम करते, मला माहितीये की माणसाला स्वतःचं वजन विचारलं तरी दोन किलो इकडेतिकडे होतं, आणि बोटांचं तर अजून अवघड आहे. तुम्ही स्वतः करून बघा. माप घ्यायचं ते बोटाच्या मुळाशी तळव्याच्या बाजूला जी घडी असते तिथपासून टोकापर्यंत, नख सोडून, आणि अनामिकेच्या मुळाशी बऱ्याचदा दोन घड्या असतात, मग त्यातली तळव्याजवळची धरायची. समजा अनामिका ७५ मिलिमीटर आणि तर्जनी ७२, तर गुणोत्तर, म्हणजे तर्जनी भागिले अनामिका, आलं ०.९६. पट्टी एक मिलिमीटर सरकली की ०.९७३. संशोधनात पुरुषांची आणि बायकांची सरासरी मोजतात ना, त्या दोन सरासरींतलं अंतर साधारण एवढंच असतं, आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की नुसता हात बघून हा पुरुषाचा की बाईचा हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. वरून नुसतं बघताना तर हात थोडा तिरका धरला, बोटं जराशी फाकवली, तरी लांबचं बोट आखूड दिसायला लागतं.

बोटांचा आणि प्रोस्टेटचा संबंध येतो कुठून हे मात्र खरंच इंटरेस्टिंग आहे आणि हे तुम्ही नीट समजावून दिलंत तर लोक आवडीने वाचतील. आईच्या पोटात पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत बोटांच्या लांबीचं प्रमाण बरंचसं ठरून जातं. त्याच काळात बाळाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी आणि इस्ट्रोजेन हा बायकी हार्मोन किती आहे याचा त्यावर परिणाम होतो असं मानतात. बोटं आणि जननेंद्रियं या दोन्हींची जडणघडण हॉक्स नावाच्या एकाच जीन कुटुंबाच्या हातात असते, त्यातल्या एका जीनमध्ये बिघाड झाला तर हात, पाय आणि जननेंद्रियं तिन्हींत दोष असलेली मुलं जन्माला येतात, हे डॉक्टरांना माहीत असलेलं सिंड्रोम आहे. २०११ मध्ये फ्लोरिडाच्या दोन संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की पंजा घडत असताना हे हार्मोन कमीजास्त केले की चौथ्या बोटाची वाढ बदलते. जॉन मॅनिंग या ब्रिटिश संशोधकाने १९९८ मध्ये बोटांचं गुणोत्तर आणि हार्मोन यांचा संबंध मांडला तेव्हापासून या विषयावर ढीगभर पेपर आलेत, खेळातलं कौशल्य, हार्ट अटॅक, कोविडसुद्धा. पण माणसाच्या बाबतीत गर्भातल्या हार्मोनचा थेट पुरावा म्हणून केंब्रिजचा जो अभ्यास सगळे सांगतात, गर्भजलातले हार्मोन आधी मोजून मग मूल दोन वर्षांचं झाल्यावर बोटं मोजली तो, त्यात मुलं होती फक्त ३३. पाया एवढा आहे. उंदरावरचं ठीक आहे, पण उंदराच्या पंजावरून सोसायटीतल्या काकांच्या प्रोस्टेटपर्यंत यायला मध्ये खूप पायऱ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अजून रिकाम्या आहेत.

अजून एक पायरी बघा. लोकांच्या डोक्यात सरळ हिशोब असतो की टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर जास्त. २००८ मध्ये जगभरातल्या १८ अभ्यासांची माहिती एकत्र करून, जवळपास ३,९०० कॅन्सरचे पेशंट आणि ६,४०० इतर पुरुष घेऊन, रक्तातले हार्मोन आणि नंतर होणारा प्रोस्टेट कॅन्सर यांचा संबंध तपासला, तर टेस्टोस्टेरॉनच्या पातळीचा तसा काही संबंध सापडला नाही. आणि दुसरीकडे हेही खरं की हा कॅन्सर एकदा झाला की तो टेस्टोस्टेरॉनवरच पोसतो, चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये हे दाखवलं, त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं, आणि आजही पसरलेल्या कॅन्सरची ट्रीटमेंट त्यावरच उभी आहे. म्हणजे गोष्ट गुंतागुंतीची आहे. 'बोट लांब, हार्मोन कमी, कॅन्सर नाही' अशी सहा शब्दांत मावणारी नाही.

कोरियातलाही एक अभ्यास तुम्ही लोक वापरता, २०११ चा, इंचॉनच्या एका हॉस्पिटलातला, ३६६ पुरुषांचा. तिथे बोटं खरंच मोजली होती आणि ज्यांचं गुणोत्तर ०.९५ पेक्षा कमी त्यांचं पीएसए जास्त आणि कॅन्सरही जास्त सापडला. पण ते सगळे चाळिशीच्या पुढचे, आधीच लघवीची तक्रार घेऊन हॉस्पिटलात आलेले पेशंट होते. घरी बसून हात बघणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावताच येत नाही.

आता ३३ टक्क्यांचं. ब्रिटनमध्ये साधारण आठात एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी प्रोस्टेट कॅन्सर होतो, म्हणजे शंभरात बारा-तेरा. अगदी ढोबळ हिशोब केला आणि तो अभ्यास शंभर टक्के बरोबर धरला तरी लांब तर्जनीवाल्या शंभर जणांत आठ-नऊ जणांना तो होणारच. 'धोका ३३ टक्के कमी' वाचून जे वाटतं आणि 'शंभरात तेराच्या जागी नऊ' वाचून जे वाटतं ते एकच आहे का? तुम्ही दुसरं छापा, निदान सोबत तरी छापा. साठच्या आतल्या ८७ टक्क्यांवर तर मी म्हणेन की एवढा प्रचंड फरक जर पक्का असता तर इतक्या वर्षांत युरोलॉजिस्टच्या टेबलावर पट्टी आली असती, पण युरोप-अमेरिकेतल्या युरोलॉजीच्या मोठ्या गाइडलाइन्समध्ये कोणाची तपासणी करायची हे ठरवताना बोटांची लांबी कुठेच नाही. तिथे वय आहे, घराण्यात कुणाला झालाय ते आहे, वंश आहे, जीन आहेत.

माझ्या मामाचं सांगते, त्याला विचारून लिहितेय. साठी ओलांडलेला, शेती करणारा, तब्येतीने दणकट. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचा, धार बारीक झालेली, मामी मागे लागायची की एकदा दाखवून या. त्याच्याकडे फोनमध्ये तुमच्यापैकीच कुणाच्या तरी बातमीचं कात्रण होतं, तो ते तिला दाखवायचा. मग कंबर दुखायला लागली, त्यावर मालिश झालं, काढे झाले, आणि शेवटी चालताना पाय जड व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पीएसए लिहून दिली म्हणून तो माझ्याच लॅबला आला. हात उताणा टेबलावर ठेवला होता, मी वर पट्टा बांधत होते, आणि तो दुसऱ्या हाताने उजव्या तर्जनीचं टोक धरून मला म्हणाला, 'बघ, हे लांब हाय माझं, मला तसलं काय नसणार.' खरंच लांब होतं, अनामिकेपेक्षा पेरभर नाही पण चांगलं दिसण्याइतकं. मी काही बोलले नाही, पिवळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. दुपारी सॅम्पल लावलं तर मशीनने आकडाच दिला नाही, रेंजच्या वर दाखवलं, ते डायल्यूट करून परत लावावं लागलं. साधारणपणे ४ च्या वर गेलं की डॉक्टर पुढचा विचार करतात, त्याचं शंभराच्या बरंच पुढे होतं. बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि बोन स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात पसरलेला दिसला.

मी असं म्हणत नाही की ती बातमी नसती तर तो बरा असता. कधी दाखवलं असतं तर काय सापडलं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. पण मामीच्या तोंडावर उत्तर म्हणून त्याच्या हातात जे होतं ते तुमचं कात्रण होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टेस्टोस्टेरॉन थांबवायला लागणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा त्याला अंडकोष काढायचं ऑपरेशन परवडणारं वाटलं, त्याने ते केलं, एका शेतकरी माणसाने तो निर्णय घेताना घरात काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. आता दुखणं कमी आहे, पीएसए खाली आलंय, शेतावर जातो.

आणि पत्राचं खरं कारण पुढेच आहे. हिस्ट्री घेताना कळलं की मामाचा थोरला भाऊ 'लघवीच्या कायतरी आजाराने' गेला होता, हाडं दुखून दुखून, आणि माझी मावशी चाळिशीत ब्रेस्ट कॅन्सरने गेली. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या, मी लॅबमध्ये असून मीसुद्धा नाही, कारण बायकांचा कॅन्सर आणि पुरुषांचा कॅन्सर हे आपल्या डोक्यात दोन वेगळ्या कपाटांत असतात. बाप किंवा भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल तर त्या माणसाचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि बीआरसीए२ हा जीन, जो बिघडला की घरातल्या बायकांना ब्रेस्ट आणि ओव्हरीचा कॅन्सर व्हायची शक्यता वाढते, तोच जीन पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर कमी वयात आणि जास्त आक्रमक करतो. आई, बहीण, आत्या, मावशी यांना काय झालं होतं हे विचारणं पुरुषासाठी इतकं महत्त्वाचं आहे. आमच्यात तो बिघाड आहे की नाही ते टेस्ट झाल्यावर कळेल, पण मामाच्या मुलाला डॉक्टरांनी आत्तापासूनच लक्ष ठेवायला सांगितलंय, आणि माझी आईसुद्धा आता तपासणीला जाणार आहे. पंजाच्या फोटोवरून यातलं काय कळलं असतं?

आणि गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं की बोटांचा अभ्यास करणाऱ्यांपैकीच एक, प्रोफेसर रोझालिंड ईल्स, यांनी तेव्हाच म्हटलं होतं की बोटांवरून धोक्यातली माणसं निवडायला मदत होऊ शकेल, कदाचित घराण्याचा इतिहास आणि जेनेटिक टेस्ट यांच्या जोडीला. पुढे त्यांनी स्वतः काय केलं? बीआरसीएवाल्या पुरुषांवर इम्पॅक्ट नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास चालवला. मग बारकोड-१ हा अभ्यास, जो २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्यात ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांची थुंकी घेऊन त्यातली १३० जनुकीय ठिकाणं तपासली, ज्यांचा धोका सगळ्यात वरच्या दहा टक्क्यांत बसतो त्यांना एमआरआय आणि बायोप्सीला बोलावलं, ४६८ जणांनी ते करून घेतलं आणि १८७ जणांत कॅन्सर सापडला. म्हणजे त्या बाईंचं काम बोटांवरून जीनवर गेलं, तपासत तपासत पुढे गेलं. आमच्या फोनमध्ये मात्र २०१० चा पंजा अजून फिरतोय, आणि बारकोड-१ माझ्यापर्यंत कुठल्याही मराठी फॉरवर्डमधून आला नाही, मी तो लॅबच्या डॉक्टरांकडून ऐकला. तोही आपल्याला लगेच लागू होत नाही हे सांगायला पाहिजे, कारण तो युरोपियन वंशाच्या लोकांवर केलेला आहे, आपल्या लोकांची जनुकीय यादी वेगळी निघू शकते. बोटांच्या गुणोत्तराची सरासरीसुद्धा देशोदेशी, वंशावंशात वेगळी असते, तेही कधी कुणी सांगत नाही.

आपल्याकडे ही बोटांची बातमी का जास्त नडते तर सरकारच्या कॅन्सर स्क्रीनिंगमध्ये तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीनच कॅन्सर आहेत, प्रोस्टेट नाही. ते नसण्याला कारणंही आहेत, सरसकट सगळ्यांची पीएसए करून फायद्याइतकाच त्रास होऊ शकतो, ज्याने आयुष्यात कधी त्रास दिला नसता असाही कॅन्सर सापडतो आणि मग माणूस उगाच ऑपरेशनला जातो. अमेरिकेतसुद्धा ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि सत्तरीनंतर रूटीनमध्ये करू नका असा सल्ला २०१८ पासून आहे. त्यामुळे मी तुम्हाला 'सगळ्यांनी पीएसए करा' असं छापा म्हणत नाहीये, कृपा करून तेही छापू नका. पण जिथे सरकारी तपासणी नाही तिथे गावातल्या माणसाला या आजाराबद्दल जे काही कळतं ते तुमच्याकडून कळतं, आणि त्याच्यापर्यंत पोचलेली एकमेव गोष्ट जर बोटं असेल तर काय उपयोग?

म्हणून मागणं आहे ते सांगते. ही बातमी परत करायचीच असेल तर अभ्यास २०१० चा आहे हे पहिल्या ओळीत लिहा. 'धोका कमी' हे मथळ्यात नको, कारण भीतीने माणूस एकवेळ डॉक्टरकडे जाईल, दिलाशाने जात नाही. पंजाच्या फोटोच्या जागी घराण्याचा तक्ता टाका, बाप, भाऊ, काका, मामा, आई, बहीण, मावशी, आत्या, कुणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. लघवीच्या तक्रारी लिहा, पण हेही लिहा की उतारवयात प्रोस्टेट वाढल्यामुळे त्या बहुतेकांना होतात आणि तो बहुतेकदा कॅन्सर नसतो, उलट सुरुवातीचा कॅन्सर काहीच जाणवू देत नाही, म्हणून घराण्यात असेल त्याने तक्रारीची वाट न बघता पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टरांना विचारावं आणि बाकीच्यांनी पन्नाशीत. लघवीतून रक्त, उतरत नसलेली कंबरदुखी, पायातली ताकद जाणं, यात एक दिवसही काढू नये.

आणि पीएसएबद्दल लिहाल तर आमच्या काउंटरवर रोज जे सांगावं लागतं तेही लिहा, कुणी छापत नाही. लघवीचं इन्फेक्शन चालू असताना किंवा नुकताच कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावलेला असताना टेस्ट केली तर आकडा खोटाच वाढलेला येतो. आधीचे दोन दिवस वीर्यपात आणि लांबची सायकल टाळायला सांगतात, हे विचारायला आम्हालाही अवघड वाटतं आणि सांगायला पेशंटलाही, पेपरात आलं तर निम्मं काम होईल. आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल, प्रोस्टेटसाठी असो की केसांसाठी, तर काही महिन्यांत आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे रिपोर्टमध्ये ३ दिसलं तरी ते खरं ६ असू शकतं. गोळीचं नाव रक्त देतानाच सांगायचं आणि रिपोर्ट घेऊन गेल्यावर डॉक्टरांनाही परत सांगायचं.

यातलं काही तपासून घ्यायचं असेल तर तुमच्या गावातल्या कुठल्याही युरोलॉजिस्टला एक फोन करा, तो दहा मिनिटं नक्की देईल.

आपली,
एका पॅथॉलॉजी लॅबमधली टेक्निशियन